विदा बासनात गुंडाळा

‘डिजिटल झाले म्हणजे वाचले’ ही सुशिक्षितांची अंधश्रद्धा आहे, आणि ती सुशिक्षितांची असल्यामुळे तिच्या निर्मूलनासाठी अजून कोणी समिती काढलेली नाही. एखाद्या ग्रंथालयात स्कॅनर येतो, फीत कापली जाते (ही फीत वेगळी, ज्या फितीविषयी हा लेख आहे ती कापायची नसते), पाहुणे दोन शब्द बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘दुर्मीळ ठेवा आता एका क्लिकवर’ असा मथळा येतो. त्या प्रतिमा कशावर साठवल्या, किती प्रती काढल्या, त्या कुठे ठेवल्या, दहा वर्षांनी त्या उघडून पाहण्याचे काम कोणाकडे आहे, हे पाहुणे विचारत नाहीत आणि वार्ताहरही विचारत नाहीत. कागदाला वाळवी लागते हे आपल्याला ठाऊक असते, कारण वाळवी दिसते. विदेला लागलेली कीड दिसत नाही. (‘डेटा’साठी जालावरच्या मराठी मंडळींनी ‘विदा’ हा शब्द चालवला. तो छापील मराठीत फारसा रुळला नाही, पण मला आवडतो, म्हणून इथे वापरतो आहे.)

हा विषय आत्ताच काढण्याचे कारण आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ नावाच्या मोहिमेची घोषणा झाली. देशभरातल्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि संवर्धन हे तिचे उद्दिष्ट आहे. त्याआधी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले होते. म्हणजे स्कॅनरची दुसरी लाट येऊ घातली आहे, आणि तिचे पाणी खानदेशापर्यंत येणार यात शंका नाही. कारण खानदेशात, त्यातही धुळ्यात, महाराष्ट्राने मिरवावे असे दोन संग्रह आहेत. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून, माळ्यांवरून आणि अडगळीतून दप्तरे बाहेर काढली. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिर त्यातून झाले. समर्थांच्या हस्ताक्षरातले म्हणून ओळखले जाणारे वाल्मीकिरामायण तिथेच आहे. स्कॅनर कुठे पोहोचला आणि कुठे पोहोचायचा आहे हा माझा मुद्दा नाही. स्कॅन झाल्यानंतर काय, हा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दीर्घकाळ जपायची विदा चुंबकीय फितीवर ठेवावी. हार्ड डिस्कवर नव्हे, तबकडीवर नव्हे, आणि केवळ ‘क्लाउड’वर तर नव्हेच. हे म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येते. ‘टेप? म्हणजे ती कॅसेटसारखी?’ हो, तीच जात. टेपरेकॉर्डरच्या तोंडून लोंबणारा तपकिरी गुंता आणि तो पेन्सिलने गुंडाळणारी मुले, एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांना या हसण्याबद्दल दोष देता येत नाही. दोष द्यायचा तो निविदा काढणाऱ्यांना, जे असेच हसतात आणि मग डीव्हीडीच्या चळती विकत घेतात.

आधी थोडे जुन्याकडे जाऊ. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तो अध्यात्माचा भाग म्हणून कोणी फारसा वाचत नाही, पण साठवणुकीच्या तंत्रावर मराठीत इतके नेमके लिखाण मला दुसरे माहीत नाही. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात हे सांगून समर्थ कडांकडे वळतात. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा आणि मजकूर मध्ये लिहा, म्हणजे कागद झडू लागला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असा त्या सूचनेचा आशय आहे. कागद झडणारच, हे तिथे आधीच धरून चालले आहे. माध्यम नाशवंत आहे असे मानून त्याच्या नाशाची सोय आधीच करून ठेवायची, ही आजच्या भाषेत अभियांत्रिकी झाली. पुढे त्याच समासात बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपे येतात. हा सरंजाम पोथीइतकाच महत्त्वाचा मानणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत, आणि आपल्याकडे ‘बासनात गुंडाळणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ मात्र ‘सोडून देणे’ असा झाला. ज्या क्रियेने पोथ्या तीनशे वर्षे टिकल्या, तीच क्रिया भाषेत दुर्लक्षाची खूण ठरली. सरकारी अहवाल बासनात जातात म्हणून आपण चिडतो. पेशवे दप्तरातले कागद ‘रुमालां’त बांधले गेले म्हणून वाचले, हे विसरतो.

चुंबकीय फीत ही विदेचे बासन आहे.

तिचा जन्मही कागदावरच झाला. धुळ्यात मंडळ उभे राहत होते त्याच सुमारास, १९२८ साली, फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या अभियंत्याने जर्मनीत कागदाच्या पट्टीवर लोखंडाच्या संयुगाची पूड चिकटवून तीवर आवाज साठवण्याचे पेटंट घेतले. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टा चढवण्याचे काम त्याने केले होते, त्यातून ही कल्पना सुचली. संगणकात फीत आली ती १९५१-५२ मध्ये. युनिव्हॅक यंत्राची फीत धातूची होती. आयबीएमने १९५२ मध्ये आणलेल्या ७२६ या यंत्रात प्लॅस्टिकची, अर्धा इंच रुंद फीत होती. एका इंचात शंभर अक्षरे आणि एका रिळात बाराशे फूट, म्हणजे मधली मोकळी जागा न धरता चौदा लाख अक्षरे. फीत क्षणात धावायची आणि क्षणात थांबायची, त्या हिसक्याने ती तुटू नये म्हणून यंत्राच्या दोन्ही बाजूंना निर्वाताच्या उभ्या नळ्या असत आणि त्यांत फितीची सैल वेटोळी लोंबत. जुन्या चित्रपटांत ‘संगणक’ म्हणून गरागरा फिरणारी जी चाके दाखवीत, ती खरे तर ही फितीची यंत्रे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेही याच चाकांच्या काळातले.

आजची फीत चाकांवर नसते. तळहातावर मावेल अशा चौकोनी डबीत ती असते, आणि एलटीओ हे तिचे सर्वांत रूढ प्रमाण आहे. २००० साली या प्रमाणाची पहिली पिढी आली, तेव्हा एका डबीत १०० गिगाबाइट मावत. २०२१ मधल्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावू लागले. त्या डबीत एक किलोमीटरहून थोडी लांब फीत असते आणि तिची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी असते. तिच्यावरचे चुंबकीय द्रव्य बेरियम फेराइट आहे, म्हणजे एक ऑक्साइड. आधीच्या काही फितींवर शुद्ध धातूचे कण असत आणि ते गंजण्याची भीती असे. हे द्रव्य जन्मतःच गंजलेले आहे असे म्हणा हवे तर, त्यामुळे आणखी गंजण्याचा प्रश्न उरत नाही. निर्माते तीस वर्षांचे आयुष्य सांगतात. निर्मात्यांवर निम्मा विश्वास ठेवला तरी पंधरा वर्षे होतात.

आता हिशेब करू. ए-४ आकाराचे एक पान इंचाला ४०० बिंदूंच्या दराने रंगीत स्कॅन केले आणि न दाबता ठेवले, तर सुमारे ४६ मेगाबाइट होतात. १९५२ च्या यंत्रावर या एका पानाला चाळीसएक रिळे लागली असती. आजच्या एका डबीत अशी पावणेचार लाखांहून अधिक पाने मावतात. डबीची किंमत काही हजार रुपये आहे. धुळ्यातल्या एखाद्या संग्रहाची सगळी पाने दोन-चार डब्यांत बसतील. त्यांच्या तीन तीन प्रती काढल्या तरी सगळा पसारा एका खणाच्या बाहेर जाणार नाही.

या खणाची आठवण मला गेल्या वर्षी दक्षिण कोरियाची बातमी वाचताना आली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या त्यांच्या सरकारी विदा-केंद्राला आग लागली. सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद जिथे ठेवायचे तो ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा साठा जळाला. ८५८ टेराबाइट गेले आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. साठा फार मोठा, म्हणून त्याची प्रत ठेवलेली नव्हती, असे कारण देण्यात आले. मोठा म्हणजे किती? १८ टेराबाइटच्या ४८ डब्या. डबीची जाडी दोन सेंटिमीटरच्या थोडी वर. पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तर एक मीटरहून किंचित लांब फळी पुरते. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असणाऱ्या देशात ती एक मीटरची फळी कोणाला सुचली नाही, कारण ‘क्लाउड’ आहे म्हटल्यावर फळी कशाला, असे तिथल्यांनाही वाटले. आपल्याकडे हेच घडले तर ते बातमीतही येणार नाही, एवढाच फरक.

क्लाउड या शब्दाने मराठी माणसाचे विशेष नुकसान केले आहे असे मला वाटते. आकाशात काहीतरी आहे, ते आपले आहे, आणि त्याला भाडे पडते याचा तात्पुरता विसर पडतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली यंत्रे. भाडे थकले की खाते बंद. संस्थेचा लिपिक निवृत्त झाला की परवलीचा शब्द त्याच्याबरोबर निवृत्त. आणि ज्यांच्या भरवशावर आपण फितीला हसतो, ते स्वतः फीत वापरतात. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या एका चुकीने काही जीमेल खात्यांतली सगळी पत्रे नाहीशी झाली. गूगलच्या निरनिराळ्या केंद्रांतल्या प्रतींनाही त्या चुकीने ग्रासले होते. पत्रे परत आली ती फितीवरून, कारण फीत जालाला जोडलेली नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातली प्रयोगांची अफाट विदाही फितीवरच जपली जाते. यंत्राबाहेर काढून कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत कोणताही व्हायरस, कोणताही खंडणीखोर, कोणताही घाईत ‘डिलीट’ दाबणारा कर्मचारी पोहोचू शकत नाही. तिला वीजही लागत नाही. ज्या मुलखाने दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन सोसले, त्याला हा गुण समजावून सांगण्याची गरज पडू नये.

हार्ड डिस्क कपाटात ठेवून दिली की तिचे फिरते भाग जाम होतात. ज्याला एसएसडी म्हणतात त्यातला विद्युतभार वीज न मिळाल्यास हळूहळू ओसरतो. लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने बिघडतो. खानदेशातल्याच एका संस्थेत (नाव घेण्यात अर्थ नाही, कारण अशा संस्था शेकड्याने असतील) मला एक खोका दाखवण्यात आला होता. त्यात डीव्हीडी होत्या, वर मार्करने मराठीत लिहिलेले अनुक्रमांक होते, आणि मी निवडलेल्या पाचांपैकी तीन उघडल्या नाहीत. दाखवणारे गृहस्थ शांत होते. ‘मूळ पोथ्या आहेत ना’, असे ते म्हणाले. पोथ्या होत्या हे नशीब. स्कॅन झाले म्हणून मूळ कागदाची हेळसांड करणाऱ्या संस्थाही आहेत.

आता फितीच्या विरुद्ध जे म्हटले जाते त्याकडे वळतो, कारण त्यातले काही खरे आहे. सर्वांत खरा आक्षेप हा की फीत टिकते, पण ती वाचणारे यंत्र टिकत नाही. अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राची छायाचित्रे पाठवली. ती फितींवर होती आणि फिती सांभाळल्या गेल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची एफआर-९०० ही अवाढव्य यंत्रे कोणाकडेच उरली नाहीत. नॅन्सी इव्हान्स या नासातल्या अभिलेखपाल बाईंनी त्यांतली काही यंत्रे वर्षानुवर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवली होती, म्हणून २००८ मध्ये एका बंद पडलेल्या मॅकडॉनल्ड्सच्या जागेत बसून काही वेड्या मंडळींना ती पुन्हा चालवता आली. चाळीस वर्षांपूर्वी उमटले होते त्याहून कितीतरी स्पष्ट चित्र फितीतून निघाले. या गोष्टीत फीत दोषी नाही. तिने आपले काम चोख केले. पण गॅरेज असलेली बाई प्रत्येक वेळी मिळेल असे धरून चालता येत नाही.

एलटीओच्या बाबतीतही हे खरे आहे, आणि विक्रेते ते सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचत. आठव्या आणि नवव्या पिढीची यंत्रे एकच पिढी मागे जातात. २०२५ मध्ये आलेली दहावी पिढी स्वतःखेरीज कोणाचीच फीत वाचत नाही. म्हणजे आठ-दहा वर्षांनी एकदा सगळी विदा जुन्या फितीवरून नव्या फितीवर उतरवून घ्यावी लागणार, हे पक्के. यावर लोक म्हणतात, ‘पाहा, मग काय उपयोग?’ मला हा आक्षेपच कळत नाही. पोथी काय एकदा लिहून संपत होती? जीर्ण झालेली पोथी मठात बसून कोणीतरी पुन्हा उतरवायचा; वाग्देवता मंदिरातली कितीतरी बाडे अशा नकलांच्या नकला आहेत. नक्कल करणे हा संवर्धनाचा अपवाद नव्हता, तेच संवर्धन होते. फरक झाला तो सोयीचाच. उतरवणाऱ्याचे डोळे थकत, ओळ सुटे, पाठभेद शिरत. फितीची नक्कल होताना प्रत्येक खंडाची बेरीज तपासली जाते आणि पाठभेद शिरलाच तर यंत्र ओरडते.

दुसरा आक्षेप फीत पुसता येते हा. चंद्रावरच्या पहिल्या पावलांचे मूळ प्रक्षेपण ज्या फितींवर होते, त्या नासाने नंतर बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या, असा निष्कर्ष त्यांच्याच चौकशीने २००९ मध्ये काढला. फिती महाग आणि तुटवडा मोठा, हे कारण. आकाशवाणीच्या केंद्रांवरही फिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती, आणि त्यात काय काय गेले याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. पण हा दोष काटकसरीचा आहे. शिवाय एलटीओच्या तिसऱ्या पिढीपासून एकदाच लिहिता येणाऱ्या, पुसता न येणाऱ्या डब्या मिळतात. हस्तलिखितांसाठी त्याच घ्याव्यात. तिसरा आक्षेप ओलाव्याचा: १९७०-८० च्या दशकांतल्या अनेक फितींचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून सुटू लागला आणि त्या अक्षरशः भट्टीत मंद आचेवर भाजून एकदा वाजवून घ्याव्या लागल्या. नव्या फितींचे रसायन सुधारले आहे, तरी थंड व कोरडी जागा त्यांनाही लागतेच. जळगावच्या संदर्भात त्याकडे पुन्हा येतो.

आतापर्यंत मी पोथ्यांविषयी बोललो. पण माझी खरी काळजी पोथ्यांची नाही. त्यांना बासन आहे आणि त्या अजून आहेत. ज्याला कागदच नाही त्याचे काय? खानदेशाचा मोठा वाङ्‌मयीन ऐवज तोंडी आहे. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, अहिराणीतल्या ओव्या आणि गोष्टी, तापीकाठची लेवा बोली. यांचे ध्वनिमुद्रण हीच त्यांची मूळ प्रत. तिच्यामागे दुसरे काही नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगाने जेवढे उतरवून घेतले तेवढेच वहीत राहिले, आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक आले. जात्यावर आणि शेतात त्या जे म्हणाल्या असतील त्यातले किती गेले, याचा अंदाज करवत नाही. एका वहीच्या योगाने एक कवयित्री महाराष्ट्राला मिळाली. आज वही घेऊन बसण्याचीही गरज नाही, प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे; तरीही म्हाताऱ्या आजीने म्हटलेले कानबाईचे गाणे नातवाच्या फोनमध्ये असते, फोन पाण्यात पडतो, आणि गाणे जाते. किंवा ते व्हॉट्सॲपवर पिळून पिळून इतके बारीक झालेले असते की शब्द लागत नाहीत. यूट्यूबवर आहे म्हणून निर्धास्त राहणारे तर थोर आशावादी म्हटले पाहिजेत.

हे काम नीट करून दाखवणारे लोक महाराष्ट्रातच होऊन गेले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. ओव्यांचा संगणकीय विदासंच त्यांनी बांधला, आणि शंभरावर तासांचे गाणे डॅट या अंकीय चुंबकीय फितीवर मुद्रित झाले. याच डॅटच्या तंत्रावर सोनी आणि एचपी या कंपन्यांनी १९८९ मध्ये संगणकाच्या विदेसाठी डीडीएस ही फीत आणली होती, म्हणजे ओवीची फीत आणि विदेची फीत सख्ख्या बहिणी. पुढे २००५ मध्ये सोनीने डॅट यंत्रे बनवणे थांबवले. पण ओव्या अडकल्या नाहीत, कारण त्यांच्यामागे नोंदी होत्या, प्रती होत्या आणि माणसे होती. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. त्या कामाला प्रकल्प म्हणून सुरुवात होती, पण ‘समारोप’ नव्हता.

जाता जाता एक गोष्ट. माध्यम वाचले तरी मजकूर वाचतोच असे नाही. श्री-लिपी, आकृती आणि तत्सम फाँटांत टंकलेले हजारो मराठी लेख आजही डिस्कवर शाबूत आहेत आणि उघडले की इंग्रजी चिन्हांचा खच दिसतो. तेव्हा फितीवर जे जाईल ते युनिकोडमध्ये, उघड्या प्रमाणांत जावे. एखाद्या कंपनीच्या बंदिस्त साच्यात नव्हे. फितीवरच्या फाइली कोणत्याही संगणकाला ओळखता याव्यात म्हणून एलटीएफएस ही खुली रचना २०१० पासून आहे. ती वापरावी. मोडीचे बाराखडीपुस्तक दप्तराबरोबर ठेवावे, तसे हे आहे.

आता जळगाव आणि धुळे. प्रत्येक संस्थेने यंत्र घ्यावे असे मी म्हणत नाही. एका एलटीओ यंत्राची किंमत काही लाखांत जाते, आणि ते वर्षातून पंधरा दिवस चालेल. एका प्रदेशाला एक यंत्र पुरते. ते घेण्याची स्वाभाविक जागा जळगावचे विद्यापीठ आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्रच जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे आहे, आणि २०१८ पासून त्याच्या नावात बहिणाबाई आहेत. लिहिता न येणाऱ्या कवयित्रीचे नाव घेतल्यावर तोंडी वाङ्‌मय साठवण्याचे काम टाळायला निमित्त शोधणे अवघड जावे. जैन हिल्सवरच्या गांधी तीर्थात २०१२ पासून दस्तऐवजांच्या जतनाचे काम चालते. अनुभवी हात लागलेच तर ते शेजारी आहेत.

‘पण इथल्या उन्हाळ्यात?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो हे खरे, आणि फितीला दीर्घकाळ १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते हेही खरे. पण ज्या जिल्ह्यात केळीचे घड पिकवण्यासाठी अंशाअंशाने तापमान राखणाऱ्या शीतखोल्या उभ्या आहेत, तिथे एक कपाटभर जागा थंड ठेवता येत नाही असे कोणी सांगू नये. केळीची खोली चार दिवसांत पैसे परत करते आणि फितीची खोली करत नाही, हे खरे कारण आहे. ते स्पष्ट बोलावे, उन्हाळ्याला मध्ये घालू नये.

प्रती तीन असाव्यात. एक जळगावात, एक नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवरच्या धुळ्यात, आणि तिसरी खानदेशाबाहेर. कोरियाची आग एकाच छपराखाली लागली होती. जिथे मूळ पोथ्या आहेत त्याच इमारतीत त्यांची एकमेव फीत ठेवण्याला काही अर्थ नाही. धुळ्याच्या संस्थांनी आपली फीत दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला कां कू करू नये आणि जळगावने ती स्वतःची मानू नये, यासाठी एक पानाचा करार पुरे आहे. आपल्या संशोधनसंस्थांचा इतिहास पाहता हेच सर्वांत कठीण कलम ठरेल. कागद न दाखवणे हा आपल्याकडे विद्वत्तेचा भाग मानला जातो, आणि राजवाड्यांनी ज्या दाराशी हेलपाटे घातले ती दारे पुष्कळदा शिकलेल्या माणसांची होती.

डबीवर दोन तारखा शाईने लिहाव्यात: फीत भरल्याची आणि ती पुन्हा उतरवून घेण्याची. दुसरी तारीख आठ वर्षांपलीकडची नसावी. मध्ये वर्षातून एकदा काही डब्या यंत्रात घालून पूर्ण वाचून पाहाव्यात आणि त्याची नोंद जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरात करावी, संगणकात नव्हे. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माणसाचे नाव न लिहिता पदाचे लिहावे. आणि हा सगळा खर्च अंदाजपत्रकात भांडवली सदराखाली एकदा दाखवून मोकळे होऊ नये. तो आवर्ती सदरात, वीजबिलाच्या आणि पहारेकऱ्याच्या पगाराच्या शेजारी, दरवर्षी यायला हवा.